नापसंतीची सूचना

आमच्या गिरगावातल्या वाडीत एका संध्याकाळी पेढे वाटले गेले. मालकाने नेमलेल्या बिल्डरचा माणूस खोलीखोलीतून पुडे देत फिरला आणि जाता जाता जिन्याच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर एक इंग्रजी कागद डकवून गेला. इंग्रजी कागद आला की तो मास्तरांनी वाचून दाखवायचा, असा वाडीचा जुना शिरस्ता आहे. हा मास्तर कादंबऱ्याही लिहितो, म्हणजे त्याला कायद्याची भाषा कळतच असणार, अशीही एक भाबडी समजूत आहे. समोरच्या काकू पुडा तसाच हातात घेऊन आल्या.

"मास्तर, नातू म्हणतो, वर 'डिसअप्रूव्हल' लिहिलंय. नामंजूर झालं म्हणून पेढे वाटतात का हो हे लोक?"

काकूंचे इंग्रजी बेताचे असले तरी शंका पक्की होती. कागदाचे नावच मुळी 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नापसंतीची सूचना. बोलण्यात सगळे त्याला 'आय.ओ.डी.' म्हणतात. मुंबईत घर बांधण्याची जी पहिली मंजुरी मिळते, तिचे नाव हे असे आहे. लग्नपत्रिकेवर 'आमचा विरोध आहे' असे छापून खाली मुहूर्त द्यावा, तशातला हा प्रकार.

मी गमतीने वाचायला बसलो आणि गंमत हळूहळू ओसरली. एरवी मी पुस्तकांवर टीकाटिप्पणी करतो. या खेपेला हा कागद आणि त्यामागचा कायदा पुस्तकासारखा वाचला. तेव्हा जे दिसले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

मूळ ग्रंथ आहे १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. त्याची ३४५ आणि ३४६ ही कलमे वाचून मी थक्क झालो. ज्याला बांधायचे आहे त्याने आयुक्तांना तशी नोटीस द्यावी. तीस दिवसांत आयुक्तांनी लेखी नापसंती कळवली नाही, तर त्याने नियम न मोडता खुशाल बांधकामाला लागावे. नापसंती कळवायची झाल्यास काय बदलले म्हणजे चालेल तेही सांगावे, म्हणजे तेवढे बदल करून त्याला पुढे जाता येईल. म्हणून त्या सूचनेचे नाव नापसंती. गृहीत धरलेली होती ती संमती. बोलायचे ते फक्त हरकत असेल तर. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या ४५ व्या कलमातही साठ दिवस उत्तर न आल्यास, नियमांत बसणारी परवानगी मिळाली असे समजावे, ही तरतूद आहेच. परवानग्या सुटसुटीत करू, एक खिडकी करू, असे आज मोठ्या आवाजात सांगितले जाते. खिडकी जुनीच आहे. तिच्यापुढे सामान कोणी रचले, हा खरा प्रश्न.

ते सामान बरेचसे सवलतींचे आहे. शहराच्या जुन्या भागात दोन इमारतींच्या मध्ये नवी इमारत उभी करायची म्हणजे अरुंद, खोल, वेडावाकडा तुकडा हाती येतो. इमारत जितकी उंच तितकी चोहोबाजूंनी मोकळी जागा जास्त सोडावी, असा नियम. गिरगावातल्या भूखंडावर तो पाळला तर मधे फार तर जिना उभा राहील. म्हणून मग सूट मागायची. काही सूट नियमांतच लिहिलेली आहे. उरलेलीसाठी १९९१ च्या नियमावलीत ६४ (ब) हा नियम होता. २०१८ साली अमलात आलेल्या नव्या नियमावलीत त्याची जागा सहाव्या नियमाने घेतली. उघड अडचण दिसत असेल तर आयुक्तांनी कारणे नोंदवून विशेष परवानगीने मापे सैल करावीत, असा त्याचा आशय. कमी पडलेल्या मोकळ्या जागेबद्दल अधिमूल्य भरावे लागते.

टीकाकार म्हणून माझा आक्षेप इथे आहे. जो नियम त्या भागातल्या बहुतेक इमारतींना पाळताच येत नाही, तो नियम कसला? तो विनंतीअर्जाचा नमुना झाला. प्रत्येक फाइलीला वर चढावे लागते, प्रत्येक पायरीवर कोणीतरी विचार करतो, आणि त्या विचाराला दिवस लागतात. आणखी काय लागते ते वाचकांना सांगायला नको.

याचे एक सुरस उदाहरण फुलांच्या वाफ्याचे आहे. पूर्वी बाल्कनी, फुलांचे वाफे, कोनाडे असल्या गोष्टी चटईक्षेत्रात धरत नसत. त्यामुळे नकाशांवर वाफेच वाफे फुलू लागले. मुंबईत इतकी बागायत कागदावर त्याआधी कधी झाली नसेल. पुढे वाफ्याला भिंत येई, खिडकी येई, आणि तो दिवाणखान्यात विलीन होई. जानेवारी २०१२ मध्ये, सुबोध कुमार आयुक्त असताना, हे सारे चटईक्षेत्रात मोजायचे ठरले आणि त्याच्या बदल्यात राहत्या इमारतींना पस्तीस टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र अधिमूल्य घेऊन उघडपणे द्यायचे ठरले. लबाडीचा वाफा जाऊन मोजलेली खोली आली, आणि ती मेहेरबानी न राहता नियम झाली. सुटसुटीतपणा म्हणतात तो मला एवढाच कळतो. मोकळ्या जागांच्या बाबतीतही जुन्या गल्ल्यांची मापे घेऊन, बंब कुठवर जातो ते पाहून, गल्लीला शोभेल असा निराळा नियम एकदाच का लिहू नये?

आता त्या प्रसिद्ध कौतुकाकडे वळतो. जागतिक बँक देशोदेशींच्या व्यवसायसुलभतेचा एक अहवाल काढत असे. बांधकाम परवान्यांच्या सदरात २०१८ च्या अहवालात भारत १८१ वा होता. २०२० च्या अहवालात तो २७ वा आला. ही मोजणी दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांवरून होत असे. वर्गात खालून पहिला येणारा मुलगा दोन वर्षांत वरच्या बाकावर बसला, तर आम्ही मास्तरमंडळी आनंदाआधी त्याची प्रश्नपत्रिका मागवतो. ती मी पाहिली. प्रश्न होता एका गोदामाचा. गोदाम दुमजली, चौदा हजार चौरस फुटांचे, शहराच्या कडेला, आधी काही बांधलेले नाही अशा जमिनीवर. त्यात पुस्तके किंवा लेखनसाहित्य ठेवायचे! लेखक या नात्याने मला हे गोदाम अतिशय आवडले. पण त्यात माणूस नाही. शेजारची भिंत नाही, पागडी नाही, चौथ्या मजल्यावरच्या आजी नाहीत. तो अहवालही आकड्यांतल्या गडबडी उघड झाल्यावर २०२१ साली बँकेने बंद केला. अर्ज संगणकावर गेले, खेटे कमी झाले, हे चांगलेच झाले; ते मी नाकारत नाही. मात्र उतारा सोपा होता, हेही गुणपत्रिकेवर लिहायला हवे.

आमच्या वाडीतल्या कागदात माणसे होती. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधायची तर नियम ३३ (७) लागतो. दुरुस्ती मंडळाने भाडेकरूंची यादी प्रमाणित करायची आणि प्रत्येकाला कमीत कमी ३०० चौरस फुटांची जागा द्यायची. काकू त्या यादीत होत्या. नावापुढे खोली क्रमांक, जुने क्षेत्रफळ, नवे क्षेत्रफळ. कागदाला अटींची मोठी शेपटी होती. पाण्याच्या टाक्यांत डास होऊ नयेत याची अट होती. भाडेकरूंशी केलेले करार दाखवावेत, असेही होते. पण त्या करारातले दरमहाचे भाडे बिल्डर पुढल्या वर्षी आणि त्याच्या पुढल्या वर्षी कुठून देणार, हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत कोणी विचारलेला नव्हता. काकू परत कधी येणार, याची तारीखही नव्हती.

हे भय काल्पनिक नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, ६७२ कुटुंबांसाठी २००८ साली करार झाला. माणसे घरे सोडून गेली. जमिनीवरचे बांधकामाचे हक्क इतर बिल्डरांना विकले गेले आणि या कुटुंबांच्या इमारती अर्धवट राहिल्या. २०१८ मध्ये विकासकाला दूर करण्यात आले, २०२२ मध्ये म्हाडाने काम पुन्हा सुरू केले. चौदा वर्षे! त्यांच्या बाबतीत खोळंबा परवान्याच्या खिडकीपाशी झाला नव्हता. बिल्डरचे दिवस मोजणारी घड्याळे आपण पुष्कळ बसवली. भाड्याच्या खोलीत बसलेल्या माणसाचे दिवस मोजणारे एखादेही दिसत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिल्डरने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करावे असे ठरवले. आमच्या वाडीच्या कागदात त्याचा मागमूस नव्हता.

इथे माझ्याच धंद्याविषयी बोलणे प्राप्त आहे. चाळीवर मराठीत हसून झाले आणि गहिवरूनही झाले. १९५८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ने महाराष्ट्राला पोट धरून हसवले, आणि त्यानंतर आम्ही लहानमोठे लेखक चाळीचे नळ, जिने आणि कंदील वर्णन करीत आलो. माझ्या एका कादंबरीत चाळ जाते. कशी जाते? 'आणि एके दिवशी चाळ पाडली गेली.' एवढ्या एका कर्मणी वाक्यात मी साठ बिऱ्हाडे उठवली आणि लगेच नायिकेच्या आसवांकडे वळलो. कोणी पाडली, कोणत्या कागदाने, त्या कागदावर कोणाची सही नव्हती, हे विचारण्याचा मला कंटाळा आला होता. टीकाकारांनी त्या प्रकरणाला हृद्य म्हटले.

काकूंना मी इतकेच सांगितले की मंजूर झाले आहे, पेढा खा. त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा पदराआड नातवासाठी ठेवला. मग म्हणाल्या, "मंजूर झालंय ते बिल्डरला. आमचं काय झालंय ते सांगा."

भाऊबीजेनंतरच्या रविवारी गच्चीवर वाडीची सभा आहे. बिल्डर येणार आहे. तीन प्रश्न मराठीत लिहून मी काकूंकडे दिले आहेत: भाड्याची रक्कम कोणत्या बँकेत ठेवणार, किती वर्षांची ठेवणार, आणि ती पावती आम्हांला दाखवल्याशिवाय पहिली वीट काढणार नाही असे लिहून देणार का. त्या म्हणतात, वाचून मीच दाखवणार, तुम्ही नुसते शेजारी बसा.