वगळलेल्या शेकोट्या

रात्रीची वेळ. टेकडीच्या उतारावर गट्स आणि कास्का बसलेत. गट्सचं अंग पट्ट्यांनी गुंडाळलेलं आहे, कारण नुकताच तो शंभर जणांशी एकटा झुंजून परतलाय. खाली छावणीत जागोजाग शेकोट्या पेटल्यात. त्यांच्याकडे बघत तो सांगतो की ही एकेक शेकोटी म्हणजे एकेकाचं स्वप्न आहे. वाऱ्याने विझू नये म्हणून प्रत्येकाने आपली इवलीशी ज्योत ग्रिफिथच्या मोठ्या जाळाजवळ आणून ठेवलीय. आपलं मात्र तिथे काहीच नाही. आपण बहुधा वाटेवर घटकाभर शेकायला थांबलो होतो. कास्का ऐकत राहते. या माणसाला ती इतके दिवस तिरस्काराने पाहत आली होती, आणि इथे पहिल्यांदाच ती त्याला नीट बघते.

‘बर्सर्क’ या जपानी चित्रकथेवर, म्हणजे मांगावर, जीव असलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या आवडत्या चार-पाच प्रसंगांत ही टेकडी असतेच. या प्रसंगात कुणी मरत नाही, तलवार उपसली जात नाही, राक्षसही नाही. २०१२-१३ मध्ये या मांगाचा हाच भाग घेऊन तीन चित्रपट निघाले, तेव्हा त्यातून नेमका हा प्रसंग गाळला गेला. शंभर जणांशी झालेली लढाई मात्र त्यात आहे.

‘बर्सर्क’च्या रूपांतरांबद्दल मला जे म्हणायचंय ते एवढ्या एका वगळण्यात सापडतं. या मांगाला गेली पंचवीस-तीस वर्षं मोठा चाहतावर्ग आहे आणि तो तिच्यावर प्रेम करतो तो एका कारणासाठी. पडद्यावर आणणारे ती उचलतात ते दुसऱ्याच कारणासाठी.

केंतारो मिउरा यांनी ही मांगा १९८९ मध्ये हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या एका मासिकात सुरू केली. पुढे १९९२ पासून ती ‘यंग अॅनिमल’मध्ये येऊ लागली. मे २०२१ मध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी महाधमनी फाटून मिउरा अचानक गेले, तोवर चाळीस खंड झाले होते. त्यांच्या शेवटच्या प्रकरणांचा ४१ वा खंड त्यांच्यामागे त्याच वर्षी डिसेंबरात आला. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथेची एवढी रूपरेषा पुरे. फाशी दिलेल्या बाईच्या प्रेताखाली जन्मलेला गट्स भाडोत्री शिपाई होतो. देखण्या, महत्त्वाकांक्षी ग्रिफिथच्या ‘ससाणा’ टोळीत त्याला आयुष्यात पहिल्यांदा सोबती मिळतात. आणि मग सर्वस्व गमावलेला ग्रिफिथ देवत्वाच्या बदल्यात त्याच सोबत्यांचा बळी देतो. त्या संहारातून गट्स आणि टोळीतली सेनानी कास्का दोघंच जिवंत बाहेर पडतात. गट्सचा एक हात आणि एक डोळा जातो, कास्काचं भान जातं. दोघांच्याही अंगावर बळीची खूण डागली जाते आणि त्या खुणेच्या वासाने रोज रात्री पिशाच्चं जमतात. जगभरचे चाहते ही खूण हौसेने गोंदवून घेतात. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटेल, पण चाहत्यांच्या लेखी तिचा अर्थ ‘बळी’ नाही. कथेतला कवटीधारी सरदार गट्सला ‘धडपडणारा’ अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतो, आणि चाहते त्या खुणेकडे त्याच अर्थाने बघतात.

मिउरांच्या पानाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गट्सचा काळा झगा म्हणजे सपाट ओतलेला काळा रंग नाही. केसाएवढ्या बारीक आडव्यातिडव्या रेघा एकमेकींवर चढत जाऊन तो काळोख तयार होतो आणि झग्याच्या घडीपाशी त्या रेघा वळतात. दुहेरी पानावर सैन्य असेल तर मागच्या रांगेतल्या शिपायाच्या शिरस्त्राणावरही ओरखडे असतात. असं पान डोळा पळवत वाचता येत नाही, थांबावं लागतं. प्रचंड हाणामारीच्या मधोमध मिउरा एकच निःशब्द चौकट ठेवतात, कुणाचा तरी चेहरा, आणि त्या चौकटीपाशी किती वेळ थांबायचं हे वाचक ठरवतो. पडद्यावर हा वेळ दिग्दर्शकाच्या हातात जातो.

म्हणूनच १९९७ ची टीव्ही मालिका अजून लोकांच्या मनातून उतरत नाही, असं मला वाटतं. नाओहितो ताकाहाशी यांनी दिग्दर्शित केलेले पंचवीस भाग, आणि हाती पैसा थोडा. हालचाल चितारायला परवडत नाही, तिथे सरळ रंगवलेलं स्थिर चित्र पडद्यावर ठेवलं गेलं. आजच्या सफाईदार अॅनिमेशनवर वाढलेल्या मुलाला ते कंगालपण वाटतं. पण त्या स्थिर चित्रांमुळे मालिकेला नकळत मांगाच्या पानाची चाल मिळाली, आणि थांबायला जागाही. त्यावर सुसुमु हिरासावा यांचं संगीत. कुठल्याच ओळखीच्या भाषेत नसल्यासारखा तो आर्त आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तो भाग तिथेच थांबवून पुन्हा मागे नेला होता. शेकोट्यांची टेकडी या मालिकेत आहे आणि तिला पुरेसा वेळही दिलेला आहे.

या मालिकेनेही मोठी कापाकापी केली. पक हा छोटा परीपुत्र गेला, कवटीधारी सरदार गेला, आणि शेवट तर संहाराच्या ऐन मध्यावर झाला. गट्स त्यातून वाचला कसा, हे मालिका सांगतच नाही. ज्यांनी आधी मालिका पाहिली ते त्या शेवटाने कासावीस होऊन मांगाकडे धावले. मला भेटलेल्या निम्म्याहून अधिक वाचकांची सुरुवात अशीच झालेली आहे. एका अपुऱ्या रूपांतराने मूळ ग्रंथाला वाचक मिळवून दिले, हे त्याचं मोठंच देणं म्हणायला हवं.

चित्रपटत्रयीकडे पैसा होता, स्टुडिओ फोर डिग्री सी सारखी नावाजलेली संस्था होती. किल्ल्यांवरचे वेढे बघण्यासारखे आहेत, जरी संगणकाने चालवलेले शिपाई कळसूत्री बाहुल्यांसारखे हलत असले तरी. पण तीन चित्रपटांत बारा खंडांचा मजकूर कोंबायचा म्हणजे काहीतरी टाकावंच लागणार, आणि टाकताना हात पडला तो माणसं एकमेकांजवळ बसून बोलतात अशा प्रसंगांवर. परिणाम असा की तिसऱ्या चित्रपटात संहार सुरू होतो तेव्हा मरणाऱ्यांची नीट ओळखसुद्धा झालेली नसते. जुडो, पिपिन, कॉर्कस या टोळीतल्या सोबत्यांच्या मरणाने जे आतून तुटायला हवं ते तुटत नाही, नुसता थरकाप होतो. कास्कावरचा अत्याचार मात्र कॅमेरा गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ दाखवत राहतो. इथे मला त्या निर्मात्यांचा राग येतो. शेकोटीला दोन मिनिटं नव्हती, मग यासाठी एवढी कुठून आली?

२०१६-१७ च्या चोवीस भागांच्या मालिकेवर आजवर इतकी टीका झालीय की मी थोडक्यात आटोपतो. त्रिमिती आकृत्यांवर मिउरांच्या रेघा चिकटवायचा प्रयत्न त्यात झाला. झगा हलला की रेघा त्याच्यावर तरंगतात. कॅमेरा गिरक्या घेत राहतो, तलवार दर वेळी घंटेसारखी ठणठणते. निर्मात्यांना रेघेचं महत्त्व कळलं होतं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. रेघ म्हणजे पोत नव्हे, ती थांबलेल्या हाताची खूण असते, हे त्यांना कळलं नाही. शिवाय हरवलेल्या मुलांचा आणि रोझीनचा सगळा भाग त्यांनी सोडून दिला. घरातल्या माराला कंटाळून परी झालेल्या मुलीची ती गोष्ट मिउरांनी रचलेल्या सर्वांत करुण गोष्टींपैकी एक आहे आणि आजवर ती कुठल्याच पडद्यावर आलेली नाही.

ही मालिकाही गट्सने जहाजात पाऊल ठेवण्याआधीच थांबली, आणि खरं ‘बर्सर्क’ तर तिथवर कुठे उमलू लागलेलं असतं. सूडाने पेटलेल्या माणसाभोवती एकेक करून पोरसवदा, घाबरट, चुकलेली माणसं जमत जातात. धर्माच्या नावाने माणसं जाळणारी फार्नेझ भान हरपलेल्या कास्काचे केस विंचरायला शिकते. शीरके नावाची लहानगी चेटकीण गट्सला त्याच्या क्रोधातून हाक मारून परत आणते. आणि रिकर्ट. जुन्या ‘ससाणा’ टोळीतला हा सर्वांत लहान मुलगा संहाराच्या वेळी तिथे नव्हता म्हणून वाचलेला. ग्रिफिथने आता स्वर्गासारखं नगर वसवलंय, सारी दुनिया त्याच्या पायाशी आहे. रिकर्ट त्याच्यासमोर उभा राहतो. सैन्यं, राक्षस, देवदूत सगळे ज्याच्यापुढे वाकलेत त्याच्या गालावर हा लोहारकाम करणारा पोरगा एक थप्पड देतो. त्या प्रकरणात एवढंच घडतं. रक्ताचा थेंब नाही. आणि तरीही हे पान चाहत्यांमध्ये ज्या प्रेमाने एकमेकांना दाखवलं जातं त्या प्रेमाने एकही राक्षसवध दाखवला जात नाही. चाळिसाव्या खंडाच्या सुमारास कास्का भानावर येते, तोवर वाचकांनी वीसहून अधिक वर्षं वाट पाहिलेली असते. ज्याने फक्त पडद्यावर ‘बर्सर्क’ पाहिलं त्याला ती क्रौर्याची गोष्ट वाटते. खंड वाचणाऱ्याला ठाऊक असतं की ती सावरण्याची गोष्ट आहे.

मिउरांना मी सगळं माफ करत नाही. सुरुवातीच्या खंडांत रक्त आणि नग्नता नुसती चेव आणण्यासाठी आहे. कास्कासारखी कर्तबगार सेनानी एवढी वर्षं मुकी ठेवणं, तिचं दुःख गट्सच्या दुःखाचं निमित्त बनवणं, याबद्दल अनेक वाचक स्त्रियांनी घेतलेला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. आणि भारतीय वाचक आणखी एका ठिकाणी अडखळतो. पूर्वेकडून चाल करून येणारं साम्राज्य आहे ‘कुशाण’, त्याचा सम्राट ‘गनिष्का’, म्हणजे आपल्या कनिष्काचीच सावली. त्याच्या सैन्यात ‘पिशाच’ आणि ‘मकर’ नावाचे राक्षस. देवळाच्या गोमुखाशी, गंगेच्या पायाशी पाहिलेला मकर इथे असा भेटतो तेव्हा क्षणभर कसंतरीच होतं. पाश्चात्त्य कादंबऱ्यांतली क्रूर पूर्व मिउरांनी फारसा विचार न करता उचलली होती. पुढे याच कुशाणांतला सिलात हा योद्धा, त्याची परागंदा जमात, त्यांच्याकडे आश्रयाला निघालेला रिकर्ट, या धाग्यातून त्यांनी ते चित्र बरंच बदललं. मोठ्या कलाकृतीत कर्ता वर्षानुवर्षं शहाणा होत जातो, ते इथे पानोपानी दिसतं.

व्हिडिओ गेमबद्दल एकच सांगतो. ‘बर्सर्क’च्या नावाने निघालेल्या गेमपेक्षा हिदेताका मियाझाकी यांच्या ‘डार्क सोल्स’मध्ये त्याचा आत्मा जास्त उतरलाय, आणि हे ऋण त्यांनी कधी लपवलेलं नाही. मिउरा गेल्याची बातमी आली त्या मे महिन्यात ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या गेममधल्या नगरांच्या रस्त्यांवर खेळाडूंनी पाठीवर प्रचंड तलवारी घेतलेली आपली पात्रं आणून ओळीने उभी केली. एकमेकांना न ओळखणारी माणसं, कुणी काही बोलत नव्हतं. टेकडीवरच्या त्या प्रसंगाचं इतकं चोख रूपांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

२०२२ मध्ये ती चित्रपटत्रयी तेरा भागांत कापून टीव्हीवर पुन्हा आणली गेली. त्यात नव्याने चितारून घातलेल्या प्रसंगांत शेकोट्यांचा प्रसंग होता. दहा वर्षं चाहते जे मागत होते ते त्यांना मिळालं, पण ते पाहायला मिउरा नव्हते.

त्याच वर्षी ७ जूनला जाहीर झालं की मांगा पुढे चालू राहील. मिउरांचे शाळासोबती आणि स्वतः मांगाकार असलेले कोजी मोरी देखरेख करतील, आणि चित्रं काढतील ती मिउरांच्या हाताखाली घडलेली स्टुडिओ गागातली मंडळी. सुमारे तीस वर्षांपूर्वी संहाराचा भाग बेतताना मिउरांनी मोरींना शेवटापर्यंतची सगळी कथा सांगितली होती. मित्राने जे सांगितलं तेवढंच मांडेन, नीट आठवत नाही ते लिहिणार नाही, पदरचं घालणार नाही, असं मोरींनी वाचकांना कळवलं. मराठीत आपण ज्या शब्दाने दीर्घ कथेच्या सगळ्या साहित्यप्रकाराला ओळखतो तो ‘कादंबरी’ हा शब्दच मुळी एका अपुऱ्या ग्रंथाचं नाव आहे. बाणभट्ट ती पुरी न करताच गेला. उत्तरार्ध मुलाने लिहिला, आणि कवित्वाच्या अभिमानाने नव्हे तर कथा अर्धी राहिल्याचं लोकांना दुःख होतंय म्हणून हे करतोय, असं त्याने आरंभीच सांगून टाकलं. मोरींचं निवेदन वाचताना मला तो मुलगा आठवला. मोरींनी कथा पुढे नेणं हेही एक रूपांतरच आहे, पण तीस वर्षं मनात जपलेल्या एका संभाषणाचं.

ते कितपत जमलंय? रेघ जवळजवळ तीच आहे, आणि ती बघून पहिल्यांदा माझे डोळे भरून आले होते. चेहरे थोडे परके वाटतात. खरा फरक चालीत आहे. एका नजरेसाठी मिउरांनी चार पानं घातली असती, तिथे आता एक चौकट येते आणि कथा पुढे सरकते. आठवलं तेवढंच सांगायचं ठरवल्यावर मधल्या शांतता कुठून आणायच्या? तीस वर्षांपूर्वीच्या त्या गप्पांत घटना सांगितल्या गेल्या असतील, चौकटींमधले थांबे कोण सांगतं? मोरींच्या प्रामाणिकपणाची ही किंमत आहे आणि मला ती मान्य आहे. पदरच्या शांततेपेक्षा मला हेच बरं वाटतं.

कथेत आता परीबेट उद्ध्वस्त झालंय आणि ग्रिफिथने कास्काला नेलंय. ज्या तलवारीवर आयुष्य काढलं ती ग्रिफिथला लागतच नाही, हे गट्सला कळून चुकलंय आणि तो खचून बसलाय. टेकडीवर त्याच्या शेजारी कास्का होती. नवं प्रकरण हाती आलं की मी आधी संवाद वाचत नाही. चौकटींतून बोट फिरवत फक्त बघतो, त्याच्या शेजारी कुणी येऊन बसलंय का.