गोष्ट आधीच ठाऊक असते तेव्हा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये पुढे काय होणार हे सहसा कुणालाच माहीत नसतं. दार उघडायचं, फासे टाकायचे, जे समोर येईल ते निस्तरायचं. ग्लोरांथा या काल्पनिक जगातला ‘हिरोक्वेस्ट’ मात्र उलट्या बाजूनं सुरू होतो. तिथं तुमचं पात्र एका विधीतून देवांच्या काळात शिरतं आणि देवानं पूर्वी केलेलं कृत्य, त्याच्याच भूमिकेत, पुन्हा करतं. गोष्ट ठरलेली, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना तोंडपाठ. मग खेळायचं काय?

ग्रेग स्टॅफर्डनं १९७५ साली ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ या बोर्डगेममधून ग्लोरांथा लोकांपुढे आणलं. १९७८ साली ‘रूनक्वेस्ट’ आला. हिरोक्वेस्टचे स्वतंत्र नियम येणार, येणार असं पुढे कितीतरी वर्षं नुसतं ऐकू येत राहिलं. तलवारीचा घाव किती खोल गेला याचा तक्ता करता येतो; विधी खरोखर लागला की नाही याचा कसा करणार?

एक उत्तर १९९९ सालच्या ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या कॉम्प्युटर गेमनं दिलं. (नंतर तो मोबाइलवरही आला, जरूर खेळा.) आपल्या टोळीतला योग्य माणूस निवडायचा, त्याला विधीत पाठवायचं आणि प्रत्येक टप्प्यावर देवानं काय केलं होतं ते आठवून पर्याय निवडायचा. गेम सुंदरच आहे, पण त्यातले हिरोक्वेस्ट मला बरेचदा तोंडी परीक्षेसारखे वाटतात. धडा वाचला असेल तर पास. टेबलावरचे अनेक गेममास्टरही हेच करतात. विधीच्या टप्प्यांना तिथं ‘स्टेशन’ म्हणतात, आणि खेळ खरंच लोकलसारखा चालतो: दादर गेलं, आता कुर्ला.

गंमत म्हणजे या वृत्तीवरची टीका ग्लोरांथाच्या इतिहासातच आहे. तिथं ‘गॉड लर्नर’ नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी सगळ्यांच्या मिथकांतली सूत्रं शोधली आणि ती यंत्राच्या सुट्या भागांसारखी वापरली. एका प्रयोगात तर दोन देवींची अदलाबदल करून पाहिली. त्याचं फळ वाईटच निघालं. देवाची गोष्ट त्यांना पाठ होती, पण ती त्यांना लागू नव्हती.

दशावतार पाहिलेल्यांना हा फरक लगेच कळेल. आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. संकासुर मरणार हे पोरासोरांनाही माहीत असतं. तरी आपण बसतो, कारण आजच्या रात्री, या गावात, समोरचा नट त्याला काय बोलेल हे माहीत नसतं.

आमच्या टेबलावर हे कळायला ‘लाइटब्रिंगर्स क्वेस्ट’ यावा लागला. ग्लोरांथातली ही सर्वांत मोठी कथा. वादळाचा देव ओरलांथ सूर्यसम्राट येल्मला ठार करतो. जग अंधारात बुडतं. मग तोच ओरलांथ सोबत्यांना घेऊन पाताळात उतरतो, आपण मारलेल्यासमोर उभा राहतो आणि चूक कबूल करतो. पराक्रमाची कथा म्हणून ती सांगितली जाते; मला ती मुळात अपराध्याची कथा वाटते.

ओरलांथच्या जागी माझं पात्र होतं. संवाद मी घोकून गेले होते. सम्राटाची भूमिका गेममास्टर स्वतः करेल असं मी गृहीत धरलेलं. त्यानं ती शेजारच्या मैत्रिणीकडे दिली. चार महिन्यांपूर्वी एका लढाईत मी माघार घेतली होती, आणि मागे राहिलेलं तिचं पात्र मेलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. तीही.

मी माफीचं भाषण म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, “कशाची माफी?”

“तुला मारल्याची.”

“मारलं शत्रूनं. तू काय केलंस?”

हे पाठांतरात नव्हतं. कुठल्याही नियमपुस्तकात याचं उत्तर नसतं. मी फाशांकडे हात नेला, तर गेममास्टरनं ते उचलून स्वतःच्या खिशात टाकले. मला त्याचा रागच आला होता. आज वाटतं, हिरोक्वेस्ट चालवण्याची खरी अक्कल तेवढ्या एका हालचालीत होती. मिथकाचा सांगाडा त्यानं जराही बदलला नाही. फक्त देवाच्या गुन्ह्याखाली माझा गुन्हा सरकवला.

यात धोका आहेच. मैत्रीत खरंच काही सलत असेल तर असा डाव अंगाशी येऊ शकतो, आणि न विचारता तो टाकणं मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण त्याआधीचे आमचे सहा हिरोक्वेस्ट मला धड आठवतही नाहीत.

“मी मागे वळून पाहिलं होतं,” मी शेवटी म्हणाले. “तू दिसत होतीस. तरी पळाले.”

ती बराच वेळ गप्प राहिली. गोष्टीप्रमाणे सम्राटानं आता परत यायला हवं होतं. खोलीतल्या आम्हा पाचही जणांना ते माहीत होतं, आणि तरी कुणी हलत नव्हतं.