‘अधांतर’: खोलीतील शोकात्मिका

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाकडे बहुधा १९८२ च्या गिरणीसंपाचा सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. हे वाचन अपुरे आहे. रंगमंचावर गिरणी नाही. आहे ती गिरणगावातील एक खोली. बाबाचे लेखन, मोहनचे क्रिकेट आणि नरूची गुंडगिरी यांना स्वभावदोष मानले, तर प्रश्न कुटुंबापुरता उरतो. वस्तुतः श्रमाची जागा हिरावली गेलेल्या पिढीचे हे तीन पर्याय होत. त्यांपैकी एकही वर्गजाणिवेशी जोडलेला नाही. म्हणूनच आई ही निव्वळ सोशिक मातेची प्रतिमा ठरत नाही. कष्टकऱ्यांची नीती तिच्यापाशी शिल्लक आहे. पण तो वारसा घेणारा मुलगा घरात नाही. शीर्षकातील अधांतर हेच होय.