घसरगुंडी आणि गुन्हा

'गाण्यांनी पोरं बिघडतात' हा आरोप मी नेहमी चार्ल्स मॅन्सनच्या खटल्यावर घासून पाहतो. बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' नोव्हेंबर १९६८ मध्ये आला. ऑगस्ट १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला मॅन्सनच्या अनुयायांनी दोन रात्रींत सात खून केले. दुसऱ्या घरात फ्रीजवर त्यांनी रक्ताने अल्बममधल्या एका गाण्याचं नाव लिहिलं, स्पेलिंगही चुकवलं.

'हेल्टर स्केल्टर' म्हणजे इंग्लंडच्या जत्रेतली, मनोऱ्याभोवती फिरत खाली येणारी घसरगुंडी. मॅकार्टनीला एक दणदणीत, गोंगाटी गाणं हवं होतं, एवढंच. मॅन्सनने त्यात काळ्या-गोऱ्यांचं युद्ध ऐकलं. सरकारी वकील बुग्लिओसी यांनी ज्यूरीपुढे हाच हेतू मांडला. त्याबद्दल पुढे अनेकांनी शंका घेतली. पण गाण्यांचे असे अर्थ त्या टोळीत लावले जात, हे साक्षींत आलं.

पूर्वी मी म्हणत असे, लाखोंनी ऐकलं, खून मूठभरांनी केले, सबब गाणं निर्दोष. आता हा युक्तिवाद मला आळशी वाटतो. विशीच्या आसपासची ती मुलं घरदार सोडून स्पॅन रँचवर राहत होती. सोबतीला एलएसडी, आणि निम्मं आयुष्य तुरुंगात काढलेल्या माणसाचं निरूपण. हो, निरूपणच! गाण्याची पोथी झाली होती आणि अर्थ सांगायचा हक्क एकट्याकडे होता. म्हणून गाण्याच्या ओळींतली हिंसा मोजत बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. या गाण्यात रक्ताचा थेंब नाही. कुठल्याही सेन्सॉरने ते बिनतक्रार सोडलं असतं.