अंबरनाथचें देवालय आणि संगणकीय नकाशा

स्थळांची माहिती संगणकांत एकावर एक थर रचून सांठविण्याची जी पद्धति ‘भौगोलिक माहिती प्रणाली’ या नांवानें रूढ आहे, तिचा पाया १९६० नंतरच्या दशकांत कानडा देशांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं घातला. आतां ती इतिहाससंशोधनांतही शिरली आहे. विद्यापीठें व महाविद्यालयें यांनीं एकत्र येऊन क्षेत्रसंशोधन करावें आणि त्यांतच विद्यार्थी तयार व्हावे, याचा चांगला पायंडा साष्टी बेटाच्या पाहणीनें घातलाच आहे. हीच रीत उल्हास नदीच्या खोऱ्यांत न्यावयाची, तर तीन कसोट्या लावणें अवश्य आहे.

पहिली कसोटी काळाची. अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवालयांतील लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला, व तोच माम्वाणि राजाच्या काळाशीं जुळतो. एका अंकानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें. छापील ग्रंथांत दोन्ही वाचनें शेजारीं राहतात व वाचक तीं तोलून पाहतो. नकाशावरील बिंदूमागें मात्र बहुधा एकच आंकडा असतो; तो कोणी वाचला, हें लिहिलेलें नसतें. तोच बिंदु दुसऱ्यानें उचलला कीं चूकही पुरावा म्हणून फिरूं लागते.

दुसरी कसोटी नांवाची. उल्हासनगर हें नांव १९४९ सालचें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. अर्थात् पेशवेकालीन कागदांत हें नांव शोधणें व्यर्थ होय. तेथील मूळ गांवांचीं नांवें शोधलीं पाहिजेत. उलट, बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडलें, असें लोक सांगतात. तेवढ्यावरून नकाशावर राजमार्गाची रेघ ओढणें म्हणजे आख्यायिकेस अक्षांश-रेखांश देणें होय.

तिसरी कसोटी स्थळाची. भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीमानावर रचलेले आहेत. उपग्रहावर चालणारीं यंत्रें १९८४ चें जागतिक मान धरतात. रूपांतर न करतां एकावर दुसरा ठेवल्यास विहीर, शीव, देऊळ सर्वच जागेवरून सरकतात. २००५ च्या नकाशा-धोरणानें व २०२१ च्या नियमांनीं सामग्री बरीच खुली झाली; तिच्याबरोबर विवेक मात्र आपोआप येत नाहीं.

आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं, कामाच्या वांटणीवर आहे. भूगोलज्ञानें चौकट ठरवावी आणि इतिहासज्ञानें शेवटीं नांवांची यादी पुरवावी, यास सहकार्य म्हणतां येत नाहीं. मोडी व शिलालेख वाचणारा मनुष्य आरंभापासून मंडळांत हवा. आणि प्रत्येक बिंदूस मूळ साधन, वाचकाचें नांव, पर्यायी वाचन व निश्चितीची प्रत हे रकाने जोडलेले हवेत.

संग्राहकांवरही कांहीं भार आहेच. कागद कोणत्या गांवीं मिळाला याची नोंद नसेल, तर त्याची नकाशावर जागा नाहीं. या भागांत इमारतींखालीं जुन्या शिवा व पायवाटा झपाट्यानें नाहींशा होत आहेत. उद्यां जमिनीवर कांहीं उरलें नाहीं, म्हणजे नकाशा हाच एकमेव साक्षीदार राहील. आणि ज्या साक्षीदाराची उलटतपासणी करतां येत नाहीं, त्याची साक्ष इतिहासाच्या दरबारांत ग्राह्य धरतां येणार नाहीं.