दोन त्रिकोणांच्या पुढे काय?

वारली वर्कशॉपचा साचा आता पाठ झालाय. कॉलेजचा फेस्ट असो, ऑफिसचा टीम-डे असो की केळव्याला वीकेंडला आलेला ग्रुप. गेरूच्या रंगाचा कागद, पांढरा पोस्टर कलर. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, अशा माणसांचा फेर म्हणजे तारपा नाच. दोन तासांत प्रत्येकाकडे स्टोरीला टाकण्याजोगं चित्र तयार.

चित्र तयार होतं, चित्र काढता येत नाही. कोड लिहिणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. तयार टेम्प्लेट उचलून नाव बदललं की ॲप चालतं, म्हणून प्रोग्रॅमिंग आलं असं होत नाही.

ही कला मुळात शिकली जाते ती लग्नघरात. सवाशिणी शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधोमध पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. मुली शेजारी बसून बघतात, हळूहळू हात लावतात. कोणती आकृती कुठे आणि का, हे हाताबरोबरच कळत जातं. गेल्या शतकात सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, त्यांनी कागद आणि रंग आणले. हात आणि नजर पाड्यांवर आधीच होती.

त्या नजरेचं काय होऊ शकतं, ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांत दिसतं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीचं चित्र नेटवर शोधून झूम करा. कागदभर पसरलेलं जाळं, बारीक रेषांची वीण, त्यापुढे माणसं इवलीशी. जाळं कसं फुगतं हे पाहिल्याशिवाय असं चित्र निघत नाही.

वर्कशॉपमध्ये नेमकं हे पाहणंच गाळलेलं असतं. खरं तर केळव्यात पाहण्यासारखं कमी नाही. पानमळे आहेत, शेजारी सातपाटीच्या होड्या आहेत, थोडं पुढे तारापूरचे कारखाने. बोईसरला शिफ्ट करणाऱ्या पोराने तारपा का काढावा? पहिला तास फक्त बघायला द्या. दुसऱ्या तासात त्याला स्वतःची लोकल, स्वतःचं गेट, स्वतःची रांग काढू दे. चौक मात्र त्याने काढू नये, तो कोणाच्या तरी लग्नाचा असतो. एवढं सांगणंही शिकवण्याचाच भाग आहे.

वर्कशॉपमुळे पाड्यावरच्या चित्रकाराला पैसे मिळतात, हे मान्यच. म्हणून ती बंद करा असं मी म्हणत नाही. पण आज त्याच्याकडून दोन तासांत चाळीस सारखी चित्रं करून घेतली जातात. त्याला जे येतं त्यातलं सगळ्यात थोडं आपण विकत घेतोय. पुढच्या वेळी नाव नोंदवताना आयोजकांना एक प्रश्न विचारा: शिकवणाऱ्याची स्वतःची चित्रं बघायला मिळतील का?