दाद, चाल आणि संहिता : वामनदादा कर्डक यांची गीते आणि त्यांचा चाहता

वामनदादा कर्डक यांच्या गीतांविषयीचे बरेचसे लेखन त्यांच्या चाहत्यांनी केलेले आहे. गायन पार्ट्यांतील गायक, जयंतीच्या कार्यक्रमांचे नियमित श्रोते, गाण्यांच्या वह्या जिवापाड जपणारे कार्यकर्ते यांच्या या लेखनाला विद्यापीठीय समीक्षेने 'गौरवपर' ठरवून बाजूला सारले. भारावलेपण हा समीक्षादृष्टीचा अभाव होय, हे त्यामागचे गृहीतक. गीतप्रकाराच्या बाबतीत ते कितपत टिकते, हा येथील प्रश्न आहे.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या, मुंबईत मजुरी करता करता प्रौढ वयात अक्षरओळख झालेल्या या कवीने १९४३ मध्ये पहिले गीत रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन म्हणून. 'वाटचाल' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला १९७३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला होता. 'गोलपिठा'ने समीक्षेला नवी परिभाषा घडवायला भाग पाडले. 'वाटचाल'च्या वाट्याला तसे काही आले नाही. प्रतिमांची दाटी, भाषेची मोडतोड, मुक्तछंदाची लय हे निकष छापील पृष्ठावरच्या कवितेतून सिद्ध झालेले होते, आणि त्यांनी मोजल्यास वामनदादांची रचना सरळ, विधानात्मक, क्वचित प्रचारकीही भासते. चाहत्याला मात्र ती तशी भासत नाही. त्याच्या जवळ चाल असते.

बाबासाहेबांना उद्देशून रचलेले, त्यांच्या मताचे मोजके अनुयायी जरी असते तर चित्र निराळे दिसले असते अशा आशयाचे वामनदादांचे प्रसिद्ध गीत या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. रचना गझलच्या वळणाची आहे आणि तिचा रदीफ आहे एक संकेतार्थी क्रियापद. घडले असते पण घडले नाही, असे सांगणारा हा क्रियापदाचा अर्थ प्रत्येक द्विपदीच्या शेवटी परतून येतो. वाचकाला ही पुनरुक्ती वाटेल. मैफलीत रदीफ कधी येणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. यमक जुळू लागताच ते गायकाच्या आधी तो शब्द उचलतात. म्हणजे अनुयायांच्या उणिवेचे विधान प्रत्यक्षात उच्चारतात ते अनुयायीच, आणि उच्चारून स्वतःच दाद देतात. कवी आरोप करतो, आरोपी ताल धरतो. ही घटना संहितेत नाही, आणि केवळ सुरावटीतही नाही. दोहोंच्या संयोगातून ती प्रत्येक प्रयोगात नव्याने घडते. भर जयंतीच्या उत्साहात हे गीत का मागितले जाते, याचे स्पष्टीकरण 'भीमभक्ती' या शब्दाने होत नाही. चाहता 'अंगावर काटा येतो' इतकेच म्हणतो. ते अपुरे आहे, पण चुकीच्या जागी बोट ठेवणारे नाही.

इंग्लंडातील लोकप्रिय संगीताच्या समीक्षेलाही हाच पेच पडलेला दिसतो. मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' (१९८२–१९८७) या बँडच्या गाण्यांत मॉरिसीचे खिन्न, स्वतःलाच चिमटे काढणारे शब्द जॉनी मारच्या उजळ, खेळकर गिटारवर वाहिलेले असतात. नुसते शब्द वाचणाऱ्याला तेथे आत्मदया दिसते. ऐकणाऱ्याला तिची थट्टाही ऐकू येते. सायमन फ्रिथ यांनी 'परफॉर्मिंग राइट्स' (१९९६) या ग्रंथात गीताचे शब्द हे आवाजातून उच्चारलेले शब्द म्हणूनच विचारात घ्यावेत, असा आग्रह धरला. पण त्या बँडचा साधा चाहता हे आधीपासून जाणून होता. अर्थात मँचेस्टर आणि नाशिक यांचे सामाजिक वास्तव सर्वस्वी भिन्न आहे. साम्य आहे ते गीत या प्रकाराच्या घडणीत.

वामनदादांच्या नाममुद्रेकडेही असेच पाहावे लागते. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो तो संतांच्या अभंगांतून आणि शाहिरांच्या कवनांतून चालत आलेल्या रीतीने. मात्र ज्या व्यवहारात गाणे वहीतून वहीत आणि गळ्यातून गळ्यात जाते, मानधनाचा भरवसा नसतो आणि पुष्कळदा छापील पुस्तकही हाताशी नसते, तेथे हे नाव अलंकार राहत नाही. कर्तृत्वाचा तेवढाच दाखला उरतो. दुसरा गायक ते गातो तेव्हा तो क्षणभर 'वामन' होऊन बोलतो.

तरीही चाहत्याचा पाठ जसाच्या तसा स्वीकारण्यात धोका आहे. तो वामनदादांना 'भीमगीतकार' या एकाच चौकटीत बसवतो. जयंती, महापरिनिर्वाण दिन, धम्मचक्र प्रवर्तन अशा प्रसंगांना अनुसरून निवड होत गेली की बड्या उद्योगपतींच्या धनात श्रमिकांचा वाटा कोणता, असे थेट नावे घेऊन विचारणारे गाणेही उत्सवाचा भाग होऊन जाते. त्यातला अर्थशास्त्रीय प्रश्न ढोलकीखाली दबतो. येथे चाहत्याला थांबवणे हे समीक्षकाचे काम आहे, आणि त्यासाठी संहितेकडे परतावेच लागते.

पण कोणत्या संहितेकडे? गायकागणिक कडवी गळतात, शब्द बदलतात, क्रम उलटतो. संतवाङ्मयाच्या पाठचिकित्सेत मराठी अभ्यासकांनी कमावलेली शिस्त या गीतांना अद्याप पुरेशी लाभलेली नाही. स्वस्त गीतपुस्तिकांत गाण्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत 'चाल' अशी नोंद देऊन एखाद्या चित्रपटगीताचे नाव छापण्याची रीत आहे. संपादक बहुधा तिला बाजारी खूण समजून गाळू पाहील. वामनदादांच्या गीतांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्याने पाठभेदांइतकीच ही नोंदही राखली पाहिजे; कारण कोणत्या ओळखीच्या सुरावर हे अनोळखी शब्द वाहिले गेले, हे सांगणारा तेवढाच लेखी पुरावा पुष्कळ ठिकाणी शिल्लक असतो.